गाडीला दिलेली हळद

आमच्या भावकीत मुलीच्या लग्नात पहिली हळद आत्याची असते. आत्याने आपल्या घरी हळकुंडं जात्यावर दळायची, नव्या खणात बांधून माहेरी न्यायची आणि मुलगी पाटावर बसली की पहिला हात तिने लावायचा. तोवर बाकीच्या बायका वाट्या घेऊन उभ्या राहतात. एरवी लग्नघरात मी कुठल्या कोपऱ्यात बसले आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. चार माणसांत मला बोलायला जमत नाही. पण या एका कामात बोलावं लागत नाही, आणि ते माझ्यावाचून होत नाही.

जिचं लग्न होतं ती भावाची मुलगी लहानपणी आमच्याकडे टेंभुर्णीला शाळेत होती. मला मूल नाही. माझ्याच कुशीत ती झोपायची. लग्नाच्या आधी फोनवर म्हणाली, "आत्या, तू आल्याबिगर म्या पाटावर बसायची न्हाई. कुणी बी वढलं तरी."

आमचे मालक जीप चालवतात, जालन्यापर्यंत माणसं भरून नेतात. जीप जुनी आहे. साखरपुड्यात भावाकडून एक चूक झाली होती. सगळ्या पाहुण्यांना टोपी-टॉवेल दिला आणि यांना द्यायचा राहिला. नंतर भाऊ हात जोडून आला, तेव्हा हे म्हणाले, "झालं गेलं." मला वाटलं, झालं गेलं.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही बदनापूरला, माझ्या माहेरी, निघालो. राजूर मागे पडलं आणि बदनापूरच्या रस्त्यावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. मालकांनी गाडी बाभळीखाली घेतली. आत वाकून बघितलं आणि म्हणाले, "रेडिएटर गळून राह्यलाय. पाणी आण."

कॅन घेऊन मी रस्त्याच्या आतल्या मोसंबीच्या बागेत गेले. तिथल्या बाईने विहिरीची मोटार चालू करून दिली. तिने विचारलं, कुठे निघालात. भाचीच्या हळदीला म्हटल्यावर तिनेच भरलेला कॅन बांधापर्यंत आणून दिला. पाणी ओतलं तर खालून तसंच निघून गेलं. मी पुन्हा गेले, पुन्हा आले. मधेच म्हटलं, "ओ, दादाला एक फोन करा की." फोन यांच्याच खिशात असतो.

"रेंज न्हाई इथं. हळद हाय ना तुझ्याकडं?"

"हाय. पण ती पोरीची हाय."

"जाळीला बारीक भोक पडलंय. हळद टाकली की बुजतंय. समदे डायवर करतेत. मूठभर दे."

हे मीही ऐकलं होतं, की अडल्यावर डायवर रेडिएटरमध्ये हळद घालतात. मी खणाची गाठ सोडून मूठभर दिली. थोड्या वेळाने म्हणाले, "आजून दे." मग म्हणाले, "समदी दे. पोचायचं हाय का न्हाई तुला?"

मी सगळी दिली. मनात म्हटलं, हळद काय, बदनापूरच्या कुठल्याही दुकानात मिळेल. हात तर माझाच आहे, तो वेळेवर पोचला पाहिजे. पिवळं पाणी खाली डांबरावर सांडत राहिलं. मालक सावलीत बसले आणि बिडी पेटवली. "बसू दे जरा हळद आत," म्हणाले. गाडी बंद पडली की हे तिच्या सात पिढ्यांना शिव्या देतात. त्या दिवशी अगदी शांत बसले होते.

तेवढ्यात त्यांच्याच स्टँडवरच्या दोस्ताची जीप आली, माणसांनी भरलेली. तो उतरून बॉनेटमध्ये डोकावला.

"काय रं, पाइप फुटलाय की तुझा."

"जाळी गळती."

"कशाची जाळी? ह्यो बघ केवढा चिरलाय. परवाच म्हणलो व्हतो न्हाई, ह्यो जाणार म्हणून? आन काल जालन्यात माझ्यासंगं नवा घेतलास, त्यो टाक की." मग त्याला पिवळं दिसलं. "आन ही हळद कुणी घातली? पाइपाचं लगीन लावतो का काय?"

गाडीतली माणसं हसली. मालक म्हणाले, "त्यो दुसऱ्या गाडीचा हाय."

"तुला दुसरी गाडी कवा आली?" असं म्हणून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाला.

मी जाऊन सीट उचलली. टेंभुर्णीपासून मी ज्या सीटवर बसून आले होते, तिच्याखालीच कागदात गुंडाळलेला नवा पाइप होता, वर क्लिपा.

"काहून?" एवढंच मला विचारता आलं.

दोस्ताला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "तुला तिथं लय मान. माझी टोपी इसरले तवा तू काय बोललीस? खाली मान घालून बसलीस."

खरं तर मी नेहमीच खाली मान घालून बसते. हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

दोस्त म्हणाला, "वहिनी, म्या बदनापूरलाच चाललोय. बसा." मी कधी यांच्याशिवाय परक्या माणसांत बसले नव्हते. बसले. मालक नवा पाइप घेऊन बॉनेटकडे वळले. बदनापुरात किराणा दुकान दिसलं तेव्हा 'जरा थांबा' म्हणायचं अगदी ओठावर आलं होतं. पण गाडी भरलेली होती, सगळ्यांना घाई होती. माझ्याच्याने म्हणवलं नाही.

पोचले तेव्हा मुलगी पाटावर होती, कोपरापर्यंत पिवळी झालेली. पहिला हात वहिनीच्या बहिणीने लावला होता.

भाऊ म्हणाला, "लय वाट बघितली, आक्का."

मुलीने मला जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली, "म्या बसतच नव्हते. मंग आतोबाला फोन लावला. आतोबा म्हणले, आत्यानं हळद गाडीला दिली, आता ती येऊन काय करणार, तुमी उरका. खरं हाय का?"

म्हणजे रेंज होती. मी दोस्ताच्या गाडीत बसल्यावर यांनी फोन घेतला असेल. मी तोंड उघडणार तोच मांडवाबाहेर आमची जीप थांबली.

भाऊ पळतच पुढे गेला. यावेळी त्याने टोपी-टॉवेल आधीच काढून ठेवला होता. "या दाजी, या." सगळ्यांदेखत यांच्या डोक्यावर टोपी घातली आणि यांना मधोमध खुर्ची दिली. मग मालकांनी गोष्ट सुरू केली. गाडी कशी बंद पडली, हिने लग्नाची हळद कशी काढून दिली, हळदीवर गाडी इथवर कशी आणली. "हिनंच दिली, म्या मागितली बी न्हाई," म्हणाले. पुरुष मंडळी टाळ्या देऊन हसली. बॉनेट उघडून बघावं असं कुणाला वाटलं नाही. अजूनही कुठल्या लग्नात चार माणसं बसली की ते हा किस्सा सांगतात, आणि मी उठून आत जाते.

"आत्या, खरं हाय का?" मुलीने पुन्हा विचारलं.

समोर भाऊ यांना चहा देत होता. किती दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता. मी खरं सांगितलं असतं तर ती टोपी तिथेच खाली आली असती, आणि मुलीच्या हळदीत भांडण उभं राहिलं असतं.

"हो," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि दुसऱ्या बायकांकडे वळली.

कुणीतरी माझ्या हातात वाटी दिली. "लावा की तुमी बी." मी रांगेत शेवटी उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा तोंडावर, हातांवर जागा उरली नव्हती, म्हणून मी खाली बसून पायांना लावली. तिने पाय मागे घेतला नाही. खाली मात्र बघितलं नाही.