खोटी पातळी

वामनभाऊ कुठलाही काटा वाचण्याआधी काचेवर दोनदा टिचकी मारत. घरातल्या भिंतीवरच्या घड्याळालासुद्धा. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात, नियंत्रण कक्षात, मी अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो. बॉयलर मला त्यांनीच शिकवला.

एका दुपारी बॉयलरच्या ड्रममधली पाण्याची पातळी झपाट्याने चढू लागली. मी पाणी कमी करायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगटच धरलं. "थांब ना बाप्पा! दाब पडला म्हणून पाणी फुगून राह्यलं. खोटी पातळी आहे हे. काट्याले घाबरला तो गेला." थोड्याच वेळात पातळी जागेवर आली.

ते निवृत्त झाले तेव्हा क्वार्टर सोडायला काही महिने उरले होते. त्यांच्या पत्नीला, सुमनवहिनींना, निवृत्तीच्या पैशांतून भद्रावतीला दोन खोल्या बांधायच्या होत्या. त्या पैशांवर भाऊंनी डॉलर-रुपयाच्या सौद्यांचे प्रयोग सुरू केले. वही आखून दर तासाला भाव लिहू लागले.

"बाजार म्हणजे का जी? बॉयलरच. भाव जागचा हटला का उलटा सौदा करून थोडा थोडा दाबाचा. येते मंग ठिकाणावर."

"बॉयलर सरकारचा होता," वहिनी आतून म्हणाल्या. "हे पैसे घराचे आहेत."

भाऊ हसले आणि वही माझ्याकडे सरकवली. त्या उन्हाळ्यात भाव खरोखरच परत परत जागेवर येत होता. पण ज्या दिवशी भाऊंनी सौदाच केला नव्हता, त्या दिवशीही तो तसाच आला होता. हे मला दिसलं. ज्यांच्याकडून शिकलो त्यांची वही कशी तपासायची, म्हणून चहा पिऊन मी घरी आलो.

पुढे डॉलर चढू लागला तो थांबेना. भाऊ प्रत्येक चढाला डॉलर विकण्याचे आणखी सौदे करत गेले. मी फोन केला.

"खोटी पातळी आहे," ते शांतपणे म्हणाले. "तू काऊन घाबरून राह्यला?"

पंधरवड्यात दोन्ही खोल्या, बांधण्याआधीच, गेल्या.

भद्रावतीत भाड्याच्या एका खोलीत मी त्यांना शेवटचं भेटलो. छातीच्या दुखण्याने बोलताना धाप लागत होती. "तिथी बॉयलरवर मी हात हलवला का पाणी हलत होतं. इथी माह्या हाताले काहीच जोडलेलं नव्हतं. अन् मले ते समजलंच नाई."

हिवाळ्यात ते गेले. बुद्धवंदना झाली, माणसं पांगली, तेव्हा वहिनी माझ्यापाशी येऊन बसल्या.

"तुम्ही तं त्याईच्या संग बसत होते, भाऊजी. तुम्हाले कधी दिसलं नाई का, हे चुकून राह्यले म्हणून?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो.

त्यांनी पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "तुमच्यासारख्यालेच नाई दिसलं, तं त्याईले का बोल लावू?" आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठल्या.