मारूनही न मरणारा लेख

आमच्या नातीला घरात सगळे गुद्दी म्हणतात. बालवाडीत एका पोराने हिची पाटी फोडली, तर हिने गुद्दा घालून त्याचा दात पाडला आणि तो मुठीत धरून घरी आणला. आईने रट्टे दिले, तरी माझ्या मांडीवर बसून विचारते, "आजोबा, याचं मूळ कुठे राहिलं हो?"

तेव्हाच ओळखलं, कार्टी शास्त्रज्ञ होणार.

झालीच. पेशींची. मी गावच्या शाळेत सातवीपर्यंत टिकलेला माणूस. मला तिने प्रयोगशाळेत नेलं ते "चला, खून बघायला" असं म्हणून. भिंगाखाली रक्तातली एक पेशी रोगट पेशीला जळूसारखी चिकटली, तिला भोक पाडलं, आणि ती रोगट बया फुगून फटकन फुटली. आतडी बाहेर. मी म्हटलं, पुन्हा दाखव.

गुद्दीचा गाजलेला लेख यावरच होता. मरणारी पेशी शेजारणींना इशारा देते, त्या सावध होतात आणि मारेकऱ्याच्या हाती लागत नाहीत, असं तिने मांडलं. देशोदेशीचे संशोधक आपापल्या लेखांत त्याचा दाखला देऊ लागले. याला सायटेशन म्हणतात. ज्याचे दाखले जास्त, त्याची कॉलर ताठ. लेखावर तिच्या वरिष्ठांचंही नाव होतं. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. त्या दाखल्यांच्या जोरावर ते संस्थेचे संचालक होणार होते.

आणि माशी शिंकली. तिथे दोन जातींच्या पेशी वेगवेगळ्या बाटल्यांत वाढवत, पण दोघींचं खाणं, ते गुलाबी पाणी, एकाच मोठ्या बाटलीतून काढत. कुणीतरी एका जातीला लागलेली नळी तशीच त्यात बुडवली. थेंबाबरोबर दांडगट जात दुसरीच्या घरात शिरली, तिचं खाणं फस्त केलं, तिला संपवलं. पाटी एकीची, बिऱ्हाड दुसरीचं. गुद्दीने गोठवून ठेवलेले जुने नमुने तपासले तेव्हा हे उघड झालं. सावध होऊन वाचल्या असं वाटलेल्या शेजारणी म्हणजे ह्या घुसखोर. मारेकरी त्यांना ओळखतच नव्हता. इशाराबिशारा काही नव्हता.

ती नमुन्यांचा डबा घेऊन सरांना सांगायला गेली तेव्हा मी तिचं जेवण घेऊन दारातच होतो.

"माझी नेमणूक होईपर्यंत गप्प बस," सर म्हणाले.

"सर, लोक यावरून औषधं शोधताहेत. लेख मागे घ्यायला हवा."

"तुझ्या एकटीचा आहे का तो?"

"लिहिला मी. मारीनही मीच."

सरांनी लोखंडी स्टूल उचललं आणि नमुन्यांच्या डब्यावर हाणलं. पुरावाच नको. गुद्दीने मध्ये हात घातला. वाळकी काटकी मोडावी तसं मनगट वाजलं. दुसऱ्या हाताने तिने बालवाडीतला तोच गुद्दा सरांच्या नाकावर दिला. पांढरा कोट लाल झाला. त्यांनी स्टूल पुन्हा उगारलं, तशी मी छत्रीची मूठ त्यांच्या मानेत अडकवली आणि ओढली. दोघेही काचसामानावर कोसळलो. त्यांनी माझा गळा धरला, मी त्यांचा कान चावला. कवळीने. दोन शिपायांनी आम्हाला सोडवलं. तेव्हा काच लागून हनुवटीवर पडलेला व्रण दाढी करताना अजून आडवा येतो, आणि मला फार आवडतो.

गुद्दी कुठे होती? डाव्या हाताने नमुने वेचून बर्फात ठेवत होती. शेवटची नळी ठेवली आणि मग म्हणाली, "आता दवाखाना."

मनगटात सळई घातलेली असतानाच तिने लेख मागे घेतला. सरांचं संचालकपद गेलं. तिचीही नोकरी गेली. नव्या जागी आता प्रत्येक जातीच्या खाण्याची बाटली वेगळी, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तंबी: "नळी चुकीच्या बाटलीत गेली तर मनगट मोडेल. या वेळी माझं नाही."

लेखाच्या प्रत्येक पानावर आज लाल अक्षरांत 'मागे घेतला' असं आडवं लिहिलेलं आहे. तरी लोक न वाचताच त्याचे दाखले देतात. गुद्दी एकेकाला कळवत बसते. परवा जेवताना फोन बघून तिने कपाळाला हात लावला.

"आणखी एक, आजोबा."

"एवढे मारेकरी पाळतेस, अन् एक लेख मरेना तुझ्याच्याने?"

"माझ्या आधी मेला म्हणजे झालं," ती म्हणाली, आखडलेलं मनगट कटकन वाजवलं, ताट सरकवलं आणि उत्तर लिहायला घेतलं.