मधल्या खांबाची हद्द

मुद्रितशोधकाला जमादारांविषयी म्हणाल तर फारच थोडं ठाऊक होतं. अकरा वर्षं तो त्यांच्या घरी जात होता; पण त्यांनी कधी पाणी विचारलं नाही आणि त्यानं कधी मुलाबाळांची चौकशी केली नाही. पोलिसातून निवृत्त झालेला, तोंडाचा फटकळ माणूस, मांडीवर पाट घेऊन लाल पेन्सिलीनं रहस्यकथा तपासतो, एवढंच.

छापखान्याच्या मालकांचा दंडक होता: कथेत पोलीस आला की पानं जमादारांकडे. समासात त्यांची सही नसेल तर पान छापायचं नाही.

"हा काय गाढवपणा?" ते सुरुवातच अशी करत. "हवालदार शिक्षा सुनावतोय? प्रेताची चिरफाड घरच्या डॉक्टरनं केली? तुमचा लेखक कधी ठाण्याची पायरी चढलाय का?"

"मी फक्त शुद्धलेखन पाहतो."

"मग अक्कल कोण पाहतं?"

याचं उत्तर त्याला दर वेळी जिना उतरल्यावर सुचे. जमादारांचा त्याला मनापासून राग होता.

अकराव्या वर्षी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतः एक गोष्ट लिहिली आणि नाव न घालता नेहमीच्या गठ्ठ्यात सरकवली. गोष्टीत एका तरुणाला पुलावर बेदम मारतात. बाप अलीकडच्या ठाण्यात जातो. तिथले म्हणतात, पूल पलीकडच्यांचा. पलीकडचे म्हणतात, मधल्या खांबापर्यंत अलीकडच्यांची हद्द. तक्रार कुणीच लिहून घेत नाही.

जमादारांनी तिन्ही पानांवर आडवी रेघ मारली.

"खोटं आहे हे. तक्रार कुठल्याही ठाण्यात द्या, लिहून घ्यावीच लागते. हद्द आपली नसेल तर मागाहून कागद पाठवायचा, माणूस नाही. नव्या शिपायालासुद्धा कळतं."

"कळतं. तरी होतं."

"कोण म्हणतं?"

"मी." तो म्हणाला. "मार खाल्ला तो माझा दादा. बाबांबरोबर चार वेळा पूल ओलांडला मी. चौथ्या दिवशी दादा गेला. मारणारे तोवर पसार. ती रेघ पुसा."

"म्हणजे गोष्ट तुमची? तरीच! शुद्धलेखन चोख, बाकी रडगाणं."

एरवी तो इथेच उठला असता. आज उठला नाही.

"नियम अकरा वर्षं ऐकतोय तुमचे. आज एवढंच सांगा. त्या टेबलामागे तुम्ही असता, तर लिहून घेतलं असतंत?"

जमादारांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला. "न उलगडलेला गुन्हा ठाण्याच्या नावावर राहतो. वरून बोलणी खावी लागतात. साक्षीदार नाही, काही नाही... असलं लचांड कोण गळ्यात घेणार?"

"मी काय विचारलं?"

"पलीकडे पाठवलं असतं!" ते ओरडले. "पाठवलेतही. तुमच्या बापासारखे कितीतरी. झालं समाधान?"

समाधान कसलं! पाटावरचा पेपरवेट उचलून भिरकावावासा वाटला त्याला.

जमादारांनी खोडरबर शोधलं, सापडलं नाही. मग तिन्ही रेघांशेजारी 'राहू द्यावे' असं लिहून सही केली. शेवटच्या पानाखाली आणखी एक ओळ आली: 'नियम कुणाच्या तरी तोंडी घाला. वाचणाऱ्या बापाला तरी माहीत हवा.'

"बाबांना कुणी सांगितला नाही," तो म्हणाला.

"म्हणून तर लिहिलंय. उचला आता हे."

त्यानं पानं पिशवीत घातली. पुढचा गठ्ठा तयार व्हायच्या आतच जमादार गेल्याचं मालकांकडून कळलं, त्यामुळे त्या दुपारी निघतानाचं हे बोलणं शेवटचं ठरलं.

"दार ओढून घ्या. मांजर शिरतं."

"घेतो."