दिवाळीतले गमबूट

आमच्या गावाच्या वरच्या धरणाचे दरवाजे हाताळणारे भाऊ पूर्वी गणपती गेले की निवांत होत. आता पावसाचा नेम नाही, म्हणून दिवाळीच्या फराळालाही गमबूट घालून येतात आणि आभाळ दिसेल अशीच खुर्ची धरतात. यंदा आमच्याकडे आले तेव्हा धरण काठोकाठ भरलेलं.

मी चेष्टा केली, "भाऊ, धरण आमच्या ओसरीवर येतं का काय?"

ते हसले नाहीत. "तुनी मोटर नदीमा शे ना? काढी ले. पानी पडना ते दरवाजा उघडना पडतीन."

"पाऊस कधीच गेला!" मी शहाणपणा पाजळला.

"साहेब म्हनतस, उन्हाळासाठे धरन भरीसन ठेव. पन आभाळले आर्डर कोन देई?"

अर्धी चकली ठेवून ते नदीत उतरले आणि माझ्याच पाण्याच्या मोटरीचा दोर ओढू लागले. मग मीही धरला. प्रत्येक हिसक्याला ते मान वळवून धरणाकडे बघत होते, आणि मी त्यांच्या तोंडाकडे.