धरणाला भरती का येत नाही

माझी शाळा चौथीत सुटली. तरी पाण्यातलं आपल्याला कळतं, अशी माझी खात्री होती. आमचं रान येडगाव धरणाच्या कडेला. पाणी चढलं म्हणजे वरच्या धरणातून सोडलंय, उतरलं म्हणजे कॅनॉल सुटलाय. तिसरं कारण मी जन्मात पाहिलं नव्हतं.

त्यामुळं कोकणात घोटाळा झाला. गावातल्या चार-पाच जोडप्यांनी मिळून गाडी केली आणि हरिहरेश्वराला गेलो. समुद्र लांब होता, म्हणून बायकोनं नव्या चपला वाळूत काढून ठेवल्या. देवदर्शन, जेवण करून येतोय तर समुद्र जवळ आलेला आणि चपला गायब.

"वरनं पाणी सोडलं आसंल," मी म्हणालो.

शहाळी विकणारी बाई हसायला लागली. "काका, समुद्राच्या वर कसलं धरण? भरती आलीय. चंद्र ओढतो पाणी."

"चंद्रानं काय दोर बांधलाय का?"

बायको लगेच तिच्या बाजूनं. "तिचा जन्म गेला समुद्राकाठी. तुमालाच लई कळतं व्हय?"

अनवाणीच गाडीत बसली, पण बसली जिंकल्यासारखी.

पुढं कैक वर्षं आमच्या घरात हेच. कालवणात मीठ कमी पडलं तरी भांडण चंद्रावर जायचं. एका पुनवेला दिवस मावळताना तिला धरणावर नेलं आणि पाण्याच्या कडेला काठी रोवली. जेवून परत येऊन पाहिलं. पाणी जागच्या जागी.

"का नाय ओढलं? समुद्राशी सोयरीक हाय का चंद्राची?"

"तुमच्या पाण्यात ओढण्यासारखं हाय तरी काय?" ती म्हणाली.

शेवटी तिच्या भावाला, म्हणजे माझ्या मेव्हण्याला विचारलं. तो शाळेत मास्तर. म्हणाला, "दाजी, चंद्र अख्ख्या पृथ्वीला ओढतो. पण जवळच्या पाण्याला जास्त, पलीकडच्याला कमी. म्हणून दोन्ही अंगांना समुद्र फुगतो. पृथ्वी फिरते, तसे आपण दिवसातनं दोनदा फुगवट्याखाली येतो. आणि धरण केवढंसं? त्याचं हे टोक काय, ते टोक काय, चंद्राला दोन्ही सारखीच. फुगणार कुठनं?"

मला कळलं. पण कळणं निराळं आणि बायकोपुढं कबूल करणं निराळं. मी म्हणालो, "बघू."

तिला दवाखान्यात ठेवलं, तेव्हाही ती ते विसरली नव्हती. "आता तरी म्हणा, माझं बरोबर व्हतं."

"घरी चल, मग म्हणतो."

ती घरी आली नाही.

दहाव्याला धरणाच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवला नाही तर माणसाची काहीतरी इच्छा राहिली, असं आमच्याकडं मानतात. मग एकेक जण पुढं होऊन शब्द देतो. पोरगा म्हणाला, म्हैस विकणार नाय. सून म्हणाली, आबांना वेळेवर जेवायला घालीन. कावळा बाभळीवर बसून आमच्याकडं बघत होता. ऊन चढलं. पावणे घड्याळं बघायला लागले. काय राहिलंय ते मला एकट्यालाच ठाऊक होतं आणि भावकी सगळी समोर बसलेली.

उठलो. हात जोडले. "तुझं बरोबर व्हतं. समुद्राला चंद्रच ओढतो."

लोक एकमेकांच्या तोंडाकडं बघायला लागले. कावळा खाली आला, पिंडापासून हातभरावर.

आता गप बसावं की नाही? पण जित्याची खोड. "धरणाचं मात्र माझं बरोबर व्हतं," मी म्हणालो.

कावळा उडून परत बाभळीवर.

"दाजी, पाया पडतो, गप बसा!" मेव्हणा ओरडला.

"बरं बाई. सगळंच तुझं बरोबर."

तेव्हा कुठं शिवला. लोक हसत हसत आंघोळीला उठले.

आता मेव्हण्यानं मोबाईलात हरिहरेश्वरच्या भरती-ओहोटीच्या वेळा बघायला शिकवलंय. रोज सकाळी चहाबरोबर बघतो. परवा सून म्हणाली, "आबा, कोकणात कधी का भरती येईना, आपल्याला काय त्याचं?"

म्हटलं, "तुझ्या सासूच्या चपला हायेत तिकडं. ओहोटीला कधी वर येतील, सांगता येत नाय."