तेल प्यालेली सायकल

लष्कर मोहल्ल्यात शामसुंदररावांच्या दारी रागीचा डबा घेऊन नेमकं कोण गेलं, यावर गल्लीत अजून एकमत नाही. पण कुणीतरी गेलं, आणि उंबऱ्यातूनच विचारलं, "गिरणी कधी घातलीत? आज दळून मिळेल ना?"

गिरणी कसली! ती होती घरात बसून चालवायची, जागचं न हलणारी सायकल. लेक रम्या बेंगळुरूला राहायला गेली आणि जाताना ती बापाच्या गळ्यात बांधून गेली. शामसुंदररावांनी पायडल मारलं की 'कुर्रर्र-खट, कुर्रर्र-खट' असा आवाज थेट कोपऱ्यावरच्या इडलीवाल्यापर्यंत जायचा.

आता ब्लाउजपीसच्या दुकानात बसून आयुष्य काढलेल्या माणसाला उतारवयात व्यायामाचं हे वेड कशापायी? तर त्याचं मूळ बेट्टदपूरच्या डोंगरावर. दरवर्षी जत्रेला त्यांच्या आणि मेहुण्याच्या, अशा दोन्ही घरची माणसं वर देवळात जायची. पण गुडघा आखडल्यापासून शामसुंदरराव खालीच, पहिल्या पायरीशी, सगळ्यांच्या चपला राखत बसायचे. मेहुणा नागोजीराव दर्शन घेऊन उतरायचा, कपाळावरची विभूती मिरवायचा आणि चारचौघांत विचारायचा, "दाजी, माझी जोडी नीट सांभाळलीत ना? नवी आहे हो!" सगळे हसायचे. गुडघ्यापेक्षा ते हसू जास्त दुखायचं. यंदा वर जायचंच, असं शामसुंदररावांनी मनाशी ठरवलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, रोज थोडा जोर लावून सायकल चालवा, पायात ताकद येईल.

ताकद येण्याआधी बायकोचा, गौराबाईंचा, पारा चढला.

"अय्यो देवा! माझी पूजा नाही, शेजारची झोप नाही. शनिवारी भंगारवाला आला की हे धूड त्याच्या गाडीवर. आयतु, झालं!"

"अगं, दुरुस्त करतो ना!"

"तुम्ही? मिक्सरला हात लावलात तेव्हापासून माझी चटणी पाट्यावर वाटते मी."

शामसुंदररावांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आधी सगळे नट आवळले. आवाज तसाच. सीट काढून परत बसवली, जरा वाकडी बसली एवढाच फरक. शेवटी चाकावरचं झाकण उघडलं, आणि आत पाहून त्यांचे डोळे चमकले. जड चाकावर टेकलेली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, छोटी गादी होती. पार कोरडी, वाळून भाकरीच्या पापुद्र्यासारखी झालेली.

रंगाऱ्याच्या पोरानं कोरडी गादी बघितली की संपलं. वडील कापडावर ठसे मारायचे तेव्हा लहानग्या शामला एकच काम असायचं, रंगाची गादी ओली ठेवायची. ती वाळली तर ठसा फिका उठायचा आणि ठशाची पाठ शामच्या बोटांवर. तो धंदा कधीच बंद झाला, पण बोटं विसरली नव्हती. "बिचारी तहानलीय गं!" म्हणत त्यांनी गौराबाईंची खोबरेल तेलाची बाटली आणली आणि गादीला पोटभर पाजली.

आवाज गायब! सायकल लोण्यासारखी फिरायला लागली. आणि चमत्कार पुढेच. पाय दुखेना, दम लागेना. घाम तर नावालाही नाही. चार दिवसांत शामसुंदररावांना वाटायला लागलं, गुडघा मोकळा झाला. छाती फुगवून त्यांनी नागोजीरावाला फोन लावला.

"यंदा चपला तुम्ही राखा हो. मी वर जातोय."

"दाजी, जीपनं का?" पलीकडून खो खो हसू.

"पायांनी! बघाच तुम्ही!"

शब्द तोंडून गेला. आणि दुसऱ्याच सकाळी गौराबाई सायकल पुसायला गेल्या. फडक्याचा धक्का पायडलला लागला, तर चाक फिरतंय, फिरतंय, थांबायचं नावच नाही.

"अहो, हे तर एका बोटानं फिरतं!"

"मग? माझ्या हाताचा गुण आहे तो."

"ते खरं. पण मग तुमच्या गुडघ्याला काम काय उरलं?"

शामसुंदररावांनी गादी चाकावर दाबून जोर वाढवायचं बटण शेवटपर्यंत पिळलं. तेलात न्हालेली गादी चाकावरून नुसती घसरत होती. त्यांचा चेहरा उतरला. गुडघा आजमावायला ते गच्चीच्या जिन्याकडे गेले. अर्ध्या जिन्यावर गुडघ्यात कळ आली आणि कठडा धरून ते तिथेच बसले. डोळ्यांपुढे नागोजीरावाची नवी जोडी नाचायला लागली.

गौराबाई मागोमाग चढून शेजारी टेकल्या. थट्टा करायची एवढी चांगली संधी त्यांनी कशी सोडली, याचं गल्लीला आजही नवल वाटतं.

"तुमचे बाबा रंगवायच्या आधी कापडाचं तेल काढायचे ना? कसं?"

"खाराच्या गरम पाण्यात उकळून."

"मग बसलात काय? माझं जुनं पातेलं घ्या. नवं नको."

गादी धुण्याच्या सोड्यात उकळली, गच्चीवर वाळली, पुन्हा जागेवर बसली. आणि आवाज परतला, पहिल्यापेक्षा चढ्या सुरात. शनिवारी भंगारवाला दारात आला तेव्हा गौराबाईंनी त्याला जुने पेपर दिले, आणि वर चहाही पाजला.

पुढे जत्रेपर्यंत रोज तो गोंगाट. आवाज थांबला की आतून हाक यायची, "का हो, थांबलात?" पळवाटच नव्हती. चोरून पेपर वाचायला घेतला तरी सगळ्या गल्लीला कळायचं. घामानं बनियन भिजायचं, रात्री गुडघ्याला शेक, सकाळी पुन्हा कुर्रर्र-खट.

जत्रेच्या दिवशी नागोजीराव जोडी काढून पायरीशी ठेवायला वाकला आणि सवयीनं म्हणाला, "दाजी, हिच्याकडे लक्ष असू द्या." वर बघतो तर दाजी चार पायऱ्या चढून गेलेले. पटापट नाही हं. बसत, उठत, वाटेत ताक पीत, लेकुरवाळ्या बायकांनासुद्धा पुढे जाऊ देत. नागोजीराव दर्शन घेऊन उतरताना त्यांना अर्ध्यावर भेटला.

"दाजी, चला आता खाली. उन्हं चढली."

"तुम्ही व्हा पुढे. माझ्या चपला तिथेच आहेत, जरा बघा."

भर उन्हात शामसुंदरराव देवळाच्या दाराशी पोचले. शेवटच्या पायरीवर पाय टेकला आणि गुडघा मोठ्यानं वाजला, 'खट!' पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून पाहिलं.

सोबत चढलेल्या गौराबाईंनी नारळाची पिशवी त्यांच्या हातात दिली.

"वाजू दे. तेल मात्र घालू नका."