घटपर्णीच्या काठाची निळाई

फोटोवाल्या मावशींनी जन्मभर लोकांचे पासपोर्टचे फोटो काढले. हनुवटी वर, खांदे सरळ, हसू नका. दुकान लेकीच्या हवाली केलं आणि नाद लागला तो किडेखाऊ झाडांचा. तोही कसला, तर अंधारात अतिनील किरणांचा टॉर्च मारायचा आणि झाड स्वतः उजळतं ते टिपायचं! त्यापायी बाथरूमची खिडकी काळ्या कागदाने बंद झाली. भर दुपारी कुणाला हात धुवायचे तर मावशींची परवानगी काढा.

त्यांच्या घटपर्णीला यंदा एकच कलश, म्हणजे किडे पकडणारं घड्यासारखं पान, आला होता. त्याचा काठ फोटोत झगझगीत निळा आला, तेव्हा मावशी हवेत तरंगत होत्या. पण झाडप्रेमी मंडळातल्या सरांनी तो फोटो प्रदर्शनात घ्यायला नकार दिला. एवढी निळाई या झाडाची नसते, बाहेरचा उजेड मिसळलाय, म्हणाले. लगेच कुजबुज सुरू झाली, की मावशींनी संगणकावर रंग भरला. जिने जन्मात कुणाच्या गालावरचा तीळ पुसला नाही, तिला हे ऐकावं लागलं. फार जिव्हारी लागलं ते.

इकडे कलश सुकायला लागला होता. तो गेला की खरं काय ते दाखवायला काही उरणार नव्हतं. मावशींनी कंबर कसली. उजेड परतवेल असं काही नको म्हणून आरसा काढला, साबण, टूथब्रश, टॉवेल, सगळं बाहेर. निळाई जशीच्या तशी! त्यांचे यजमान लाँड्रीवाले काका टॉर्च धरून शेजारी उभे. त्यांच्या हातच्या पांढऱ्या धुण्याचं गल्लीभर कौतुक, मग स्वतःच्या शर्टाबद्दल तर विचारायलाच नको.

वैतागून मावशींनी कॅमेऱ्यातून डोळा काढला. पाहतात तर अंधारात काकांचं डोकं दिसेना, हात दिसेनात, नुसता शर्ट निळा पेटलेला. धुण्याच्या पावडरीतली चकाकी ती. कलशाच्या गुळगुळीत काठावर तीच सांडत होती. म्हणजे सरांचंच बरोबर होतं. मावशींना आधी हसू आलं, मग रडू. मग त्यांनी काकांना काळा रेनकोट चढवला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

या वेळी निळी कडा आली ती फिकी, बारीक. पण आली.

"आधीचा जास्त छान होता की," काका हिरमुसून म्हणाले.

"तो उजेड तुमचा होता. हा झाडाचा आहे."

फिका फोटो मावशींनी स्वतः सरांना नेऊन दिला, शर्टाची गोष्टही सगळ्यांदेखत सांगितली. तो प्रदर्शनात लागला. झगझगीत फोटो मात्र त्यांनी फेकला नाही. तो लाँड्रीत, काकांच्या इस्त्रीच्या टेबलामागच्या भिंतीवर टांगलाय. गिऱ्हाइकाने विचारलं की काका मान ताठ करून सांगतात, झाड बायकोचं, उजेड माझा.